डोक्याच्या दुखापतीनंतर पाच महिन्यांनी कॉफीला जळक्या रबराचा वास येतो. हे खरंच होतं की मनाचे खेळ? बरं होईल का?

खरंच होतं. 'मनाचे खेळ' ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आधी तेच निस्तरतो.

घ्राणतंतू, म्हणजे वास मेंदूकडे नेणाऱ्या नसा, नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडाच्या बारीक भोकांतून वर जातात. डोकं आपटलं की आत मेंदू सरकतो आणि हे तंतू तिथेच ताणले किंवा कातरले जातात. त्यासाठी हाड मोडावं लागत नाही. मार डोक्याच्या मागे बसला तरी चालतं. त्यामुळे सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो आणि घरचे म्हणतात, 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे.'

त्याहून वैताग म्हणजे नाकाखाली अमोनिया धरायची परीक्षा. पेशंट दचकला की 'बघा, येतो की वास!' अहो, अमोनियाची झोंबणी ट्रायजेमिनल नर्व्हवरून, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनांच्या नसेवरून जाते, वासाची वाटच वेगळी. घ्राणतंतू पूर्ण तुटलेला माणूसही दचकणार. उलट अमोनियाचंही काही जाणवत नाही म्हणणाऱ्यावर शंका घ्यावी. मेन्थॉलचंही तेच. तपासायचं तर व्हॅनिला घ्या, डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून.

तंतू परत वाढताना जोडण्या चुकतात, त्यातून असे विकृत वास येतात असं मानलं जातं. कॉफी, कांदा, लसूण, भाजलेलं मांस हे नेहमीचे गुन्हेगार. गरम पदार्थाची वाफ जास्त, म्हणून कोमट किंवा गार खा.

वासाचा सराव करा. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग यांची तेलं चार बाटल्यांत कापसावर टाका. प्रत्येक बाटली १० सेकंद, हलके हलके हुंगत, दिवसातून दोनदा, निदान १२ आठवडे. जोरात एकच श्वास ओढू नका. हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करा, नुसतं नाक लावून फोन बघत बसू नका. घरातल्या धडधाकट नाकाला वास फिका लागला की तेल बदला. लोक पंधरा दिवसांत सोडतात, मग म्हणतात उपयोग नाही.

बरं होईल का? सुधारणा झाली तर बहुतेक पहिल्या वर्षात दिसते. काहींना वास कधीच परत येत नाही. तोवर धुराचा आणि गॅसगळतीचा अलार्म बसवा, उरलेल्या अन्नावर तारीख लिहा.

आणि हो, वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं, खारट काही गळत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरू नका, सराव थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.