सिंगापूरची स्टडी टूर : पैसे भरण्याआधी वेळापत्रक वाचा

प्रश्न : माझा मुलगा नागपुरात सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात कॉलेजची सिंगापूरला सहा दिवसांची स्टडी टूर जाणार आहे. माणशी एक लाख वीस हजार. मी शिक्षिका आहे, यजमानांचं मानेवाड्याला हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. ते म्हणतात, "हे शिकणं नाही, फिरणं होय." मुलगा म्हणतो, अर्धा वर्ग चाललाय, मीच मागे पडेन. पैसे द्यायचे तर गेटच्या (एमटेक प्रवेश परीक्षेच्या) क्लाससाठी ठेवलेली एफडी मोडावी लागेल, नाहीतर सोन्यावर कर्ज काढावं लागेल. अशा टूरचा नोकरीत किंवा परदेशात एमएसच्या (पदव्युत्तर पदवीच्या) प्रवेशात उपयोग होतो का? तो शुद्ध शाकाहारी आहे आणि घर सोडून कधी राहिलेला नाही, हीसुद्धा काळजी आहे. पहिला हप्ता महिनाअखेर भरायचा आहे. वेळापत्रकाचा फोटो जोडते आहे.

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुम्ही फोटो पाठवलात हे फार बरं केलं, कारण बहुतेक पालक फक्त रक्कम कळवतात. त्या कागदावर काय आहे ते बघा. पहिला दिवस आगमन आणि नाइट सफारी. दुसरा दिवस मरलायन (सिंहमुखी माशाचा पुतळा), गार्डन्स बाय द बे. तिसरा सेंटोसा बेट. चौथा युनिव्हर्सल स्टुडिओज हे मनोरंजन उद्यान. पाचव्या दिवशी सकाळी १० ते १ "टेक्निकल व्हिजिट, उपलब्धतेनुसार", आणि दुपारपासून मुस्तफा सेंटरला खरेदी. सहाव्या दिवशी परत. म्हणजे सहा दिवसांत अभ्यासाचे तास तीन, आणि तेही मिळाले तर. तुमचे यजमान हा कागद न वाचता बरोबर बोलले.

तरीही मी लगेच "नको" म्हणणार नाही, कारण शहर अगदी योग्य निवडलंय. सिव्हिलच्या मुलाला, त्यातही नागपूरच्या, सिंगापुरात बघण्यासारखं खूप आहे. फक्त ते या कागदावर नाही.

तिथे बिशान-आंग मो किओ नावाची बाग आहे. तिच्या कडेने कलांग नदी वाहायची, पण ती नदी राहिली नव्हती, सिमेंटचा सरळ कालवा झाला होता. पावसाचं पाणी झटपट वाहून न्यायचं, एवढंच तिचं काम. २०१२ पर्यंत त्यांनी तो कालवा फोडून काढला आणि नदीला बागेतून वळणं घेत वाहू दिलं. २.७ किलोमीटरचा सरळ कालवा सुमारे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी झाला. काठ दगड, माती आणि झाडांच्या मुळांनी बांधलेत. एरवी लोक पाण्याशेजारी बसतात. जोराचा पाऊस झाला की पाणी हिरवळीवर पसरतं, आणि त्याआधी भोंगे वाजवून लोकांना वर बोलावतात. पुराला भिंतीत कोंडायचं नाही, पसरायला जागा द्यायची, हा त्यामागचा हिशेब.

आता आपली नाग नदी आठवा. शहराच्या मध्यातून जाते, बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना भिंती, आणि पोटात सांडपाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून काठच्या वस्त्यांत काय झालं, ते तुमच्या मुलानेही पाहिलं असेल. कलांग आणि नाग या दोन नद्यांमधला फरक त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तर त्या एक लाख वीस हजारांपैकी बरेचसे वसूल होतील. मरलायनसमोरच्या सेल्फीने ते होणार नाहीत.

तुमचा मुख्य प्रश्न उपयोगाचा. स्पष्ट सांगतो : सहा दिवसांच्या ग्रुप टूरला एमएसच्या प्रवेशात स्वतंत्र वजन नसतं. तिथे मार्क, प्रोजेक्ट, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं निवेदन बघतात. कॅम्पस मुलाखतीतही "सहभागाचं प्रमाणपत्र" फाइलमध्येच राहतं. पण "सिंगापूरला गेलो होतो" असं मुलगा म्हणाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : काय पाहिलंस? तिथे कलांगच्या काठाचा उतार, पुराच्या पाण्याला ठेवलेली जागा, आणि नाग नदीवर हे कुठे जमेल, कुठे नाही, असं दहा मिनिटं बोलता आलं तर टूरचा उपयोग झाला. नाहीतर न सांगितलेलंच बरं.

म्हणून जायचं असेल तर अभ्यास नागपुरात सुरू व्हायला हवा. त्याला दोन-तीन मित्र घेऊन पंचशील चौकातल्या पुलावर जाऊ द्या. टेप, वही आणि मोबाइल पुरे. पात्राची रुंदी किती, भिंत किती उंच, मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं (आसपासचे दुकानदार बोट ठेवून दाखवतील), आणि बाजूचे नाले कुठे येऊन मिळतात. हेच चार मुद्दे कलांगवर बघायचे. सिंगापुरात वर्षाला पाऊस आपल्या साधारण दुप्पट पडतो आणि डिसेंबर तिथला ऐन पावसाचा महिना, म्हणजे नदी काम करताना दिसण्याची शक्यताही चांगली. परत आल्यावर दोन्हींचा एक तक्ता. फायनल इयर प्रोजेक्टचा पाया तिथेच पडतो, आणि गाइड शोधत फिरायची वेळ येत नाही.

त्याच टूरमध्ये आणखी दोन जागा सहज बसतात. एक, मरीना बॅरेज. समुद्राचं पाणी बाहेर ठेवून शहराच्या पोटात गोड्या पाण्याचा साठा करणारा हा बंधारा २००८ मध्ये सुरू झाला. भरती असताना मोठा पाऊस आला तर दरवाजे उघडता येत नाहीत, मग पंपांनी पाणी समुद्रात टाकतात. हायड्रॉलिक्सचा अख्खा धडा उभा आहे तिथे. दुसरी, मॅक्सवेल रोडवरची सिंगापूर सिटी गॅलरी, जिथे शहराचं भलंमोठं मॉडेल मांडलेलं आहे आणि जमिनीच्या चिमुकल्या तुकड्यावर घरं, रस्ते, पाणी कसं बसवलं ते कळतं. दोन्हीकडे तिकीट नाही. युनिव्हर्सल स्टुडिओजचं काय पडतं ते एजंटला विचारा, आणि तो दिवस ऐच्छिक ठेवा म्हणावं. सेंटोसा मात्र राहू द्या. वीस वर्षांची पोरं आहेत, समुद्र बघू देत.

पैशांचं बोलू. सोन्यावर कर्ज काढून या टूरला पाठवू नका. यावर मला "पण" ऐकायचं नाही. गेटची एफडीही मोडू नका. क्लास लावायचं खरंच ठरलं असेल तर त्याचा उपयोग या टूरपेक्षा कितीतरी जास्त आहे. या दोन्हींना हात न लावता, दुकानाच्या आणि पगाराच्या शिलकीतून रक्कम उभी राहत असेल आणि वेळापत्रक बदलत असेल, तरच पाठवा. एवढ्या कमी दिवसांत ती उभी राहील असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही, पण घरचा हिशेब तुम्हालाच माहीत.

नाही पाठवलं तर तो मागे पडेल का? अजिबात नाही. नागपूरच्या मुलाने हे विचारावं याचंच मला नवल वाटतं. पाणी आणि पर्यावरणावर काम करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी घेतात, जागा मोजक्या असतात, म्हणून विभागप्रमुखांच्या पत्रासह वेळेत अर्ज करावा लागतो. सिंगापूर सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतं, हे लोक कौतुकाने सांगतात. आपल्याकडे भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे त्याच्या वर्गात किती जणांना ठाऊक आहे? ऑटोने जाता येईल अशी ही स्टडी टूर आहे. नीरीतला दोन महिन्यांचा प्रोजेक्ट आणि नाग नदीचा तो तक्ता, एवढं घेऊन मुलाखतीला बसलेला मुलगा सिंगापूर फिरून आलेल्या चौघांना भारी पडतो.

पाठवायचं ठरलंच तर काही किरकोळ पण खर्चिक गोष्टी. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. रिजनल पासपोर्ट ऑफिस नागपुरातच आहे, पण दहावीची सनद आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर तिथे अडतं. पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक हवेत. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत होतो. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं अरायव्हल कार्ड मात्र सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, लागतो. तो घरातल्या कुणाच्या पॅनवर जमा होणार ते विचारून घ्या, म्हणजे रिटर्न भरताना वळता करता येईल. रद्द केल्यास किती परत मिळेल, विमा कोणता, सोबत शिक्षक किती, हे लेखी घ्या. आणि मुलाची बॅग तुम्ही स्वतः तपासा. खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी, गुटखा, व्हेप (ई-सिगारेट) यांपैकी काहीही तिथे चालत नाही, "मित्राची आहे" हे तर मुळीच नाही. च्युइंग गमसुद्धा नको.

शाकाहाराची काळजी सोडा. लिटल इंडियात सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून डोसा-भात वाढतंय, आणि आसपास अशी बरीच हॉटेलं आहेत. घर सोडून राहिला नाही म्हणता, तर वीस मुलांच्या घोळक्यात सहा दिवस राहणं ही सुरुवात म्हणून सोपीच.

हप्त्याची तारीख जवळ आहे, म्हणून या आठवड्यात एकच करा. मुलाला एका पानाचा अर्ज लिहायला सांगा : चौथा दिवस ऐच्छिक करावा, त्या जागी बिशान-आंग मो किओ, मरीना बॅरेज आणि सिटी गॅलरी घ्यावी, पाचव्या दिवसाची व्हिजिट लेखी पक्की करावी. खाली जमतील तेवढ्या मुलांच्या सह्या. अर्ज घेऊन विभागप्रमुखांकडे त्यानेच जायचं. तुम्ही जाऊ नका, यजमानांनाही पाठवू नका. उत्तर काय येतं ते मला कळवा, म्हणजे हप्त्याचं आपण त्यावर ठरवू.