जर्मनीत घर गरम कसं ठेवायचं, हे विचारलंत म्हणून

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. ऑक्टोबरात बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बव्हेरियात येताय. थंडीत घर गरम ठेवायला काय खर्च येतो, गावाकडून काय आणावं, मुलीला हवा मानवेल का, एकटं वाटतं का, असं सगळं एकदमच विचारलंत. मी दारव्हा तालुक्यातली, न्यूर्नबर्गजवळ राहून नऊ वर्षं झाली. तुमचं गाव दिग्रसकडचं, हे वाचलं आणि लिहायला बसले.

व्हिसा, नोंदणी, विमा यांबद्दल काही लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे. घराचं मात्र तिथे कोणी सांगत नाही.

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमिटे म्हणजे शब्दशः गार भाडं, आणि वार्ममिटे म्हणजे गरम भाडं. गरम भाड्यात घर तापवणं, पाणी, कचरा, जिन्याची सफाई हे येतं. वीज सहसा येत नाही, तिचा करार आपण वेगळा करायचा. पण गरम भाड्यातला आकडा हा फक्त आगाऊ अंदाज असतो, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरा हिशेब वर्ष संपल्यावर येतो, आणि तो पाठवायला घरमालकाला पुढचे बारा महिने मुभा असते. २०२२ साली रशियाचा गॅस बंद झाला, भाव भडकले. त्या वर्षाचा हिशेब आमच्या हातात २०२३ च्या नोव्हेंबरात पडला. ९६० युरो, तीस दिवसांत भरा. सात पानं, सगळी जर्मनमध्ये. मी तीन रात्री शब्दकोश घेऊन बसले होते. नवरा म्हणाला, भरून टाक. मी भरले, पण त्यातली एक रक्कम मला आजही पटलेली नाही. तुम्ही आल्याआल्या भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा. वर्षाची फी असते, पण असे कागद ते वाचून देतात. आणि घर बघायला जाल तेव्हा ऊर्जेचा दाखला मागा, तो दाखवणं मालकावर बंधनकारक आहे. ए प्लस ते एच अशी प्रत असते. तेलसंकटानंतर १९७७ साली इथे घरं ऊब धरतील अशी बांधण्याचा पहिला नियम आला. त्याआधीचं आणि नंतर न सुधारलेलं घर असेल, तर भाडं स्वस्त दिसलं तरी हिवाळ्यात ते वसूल होतं.

खोलीत खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतो, त्यात तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी फिरतं. त्याच्या चावीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. मी पहिला हिवाळा ५ वरच काढला. रेडिएटरसमोर सोफा लावू नका. आत गुडगुड आवाज आला तर हवा अडकलेली असते, छोट्या किल्लीने ती सोडायची.

आता भिंतीचं. आपल्याकडे घर सगळीकडून श्वास घेतं. कौलांच्या फटी, जाळी, दाराखालची बोटभर जागा. इथलं घर डब्यासारखं बंद. भात शिजला, आंघोळ झाली, कपडे वाळत घातले, की सगळी वाफ आतच राहते आणि गार बाहेरच्या भिंतीवर बसते. पहिल्या जानेवारीत मी कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी, माझ्या हाताच्या लांबीएवढी. मुलगा त्याच खोलीत झोपत होता आणि महिनाभर खोकत होता. मालक आला, बघितलं आणि म्हणाला, तुम्ही फार शिजवता. भाऊ, ते वाक्य मी विसरले नाही. तर एवढं करा: दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या पूर्ण उघडा, पाच ते दहा मिनिटं, बाहेर बर्फ असला तरी. खिडकी तासन्‌तास तिरकी करून ठेवू नका, तिने भिंत गार पडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढून त्याची नोंद कागदावर करून घ्या.

माझा मावसभाऊ कॅनडात एडमंटनला आहे. त्याच्याकडे तळघरातली भट्टी पंख्याने गरम हवा घरभर ढकलते. ती इतकी कोरडी की त्याच्या मुलाच्या नाकातून रक्त येतं. तो हवेत ओल सोडायचं यंत्र लावतो, मी खिडकी उघडून ओल बाहेर घालवते. म्हणून दुसऱ्या देशातल्या नातेवाइकांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कितीही थंडी वाटली, गॅस महाग झाला, तरी कोळशाची शेगडी घरात पेटवू नका. अंगणातल्या शेकोटीचा धूर निघून जातो. इथल्या बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

मुलीला हवा मानवेल. मुलं थंडीला लवकर सरावतात. शाळेचं मात्र आताच मनावर घ्या. बव्हेरियात चौथीतच पुढची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे जाणारी शाळा. इथे १ हा सगळ्यात चांगला गुण. माझा मुलगा तिसरीत आला, दीड वर्षात भाषा किती येणार? गणितात पहिल्या पाचांत होता. बाईंनी लिहिलं, मुलगा मिसळत नाही, वर्गातही जॅकेट काढत नाही. मी घरी त्याला रागावले. खूप नंतर त्याने सांगितलं, बाहेर भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा आकडा होता जॅकेट अडकवायला, त्याच्या नावाचा नव्हता. मागायचं कसं ते त्याला येत नव्हतं. तो तापलेल्या वर्गात घामाघूम बसायचा. आज तो सतरा वर्षांचा आहे, व्यावसायिक शिक्षण घेतोय, खूश आहे म्हणतो. पण मी तेव्हा एकदा शाळेत जाऊन तो आकडा बघायला हवा होता. तुम्ही पहिल्याच आठवड्यात जा.

एकटेपण येतं. काम असतं, दिवस जातो.

गावाकडून काय आणावं? एक वाकळ आणा, जड असली तरी. धुवू मात्र नका, वाळत नाही. बाकी जॅकेट, बूट इथेच घ्या.

आणि भाऊ, तुम्ही शेवटी लिहिलंत की दोन वर्षांत पैसे साठवून आई-वडिलांचं मातीचं घर पाडून पक्कं बांधून द्यायचंय. मी तेच केलं. दीड फुटाच्या मातीच्या भिंती, वर कौलं, सारवलेली जमीन. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला, त्या रात्री बाबा त्या घरात एकच वाकळ घेऊन झोपले होते. पुढच्या उन्हाळ्यात मी ते पाडलं. साडेचार इंची विटांच्या भिंती, स्लॅब, चकचकीत फरशी. सगळ्या गावाने कौतुक केलं. पहिल्या डिसेंबरात पहाटे फरशीवर पाय ठेववेना, उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत स्लॅब तापलेलाच. मला इथे बुरशीपायी भिंतीचं सगळं शास्त्र पाठ झालं होतं, आणि माझ्याच घराच्या भिंतींचा विचार मी केला नाही.

गोठा तेवढा जुना राहिला होता. बैलांना स्लॅब कशाला, म्हणून. आता दिवाळीनंतर बाबा तिथेच बाज टाकतात. खाली कुटाराचा थर, भिंतीला पाठ, आणि दोन बैलांच्या अंगाची ऊब. मी संध्याकाळी पाचला फोन लावते तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असतात, आणि त्यांच्या आवाजामागे घंटी वाजते. ते रोज विचारतात, "तुह्याकडं किती हाय आज?" मी सांगते, बाहेर उणे सहा, घरात एकवीस. ते म्हणतात, "मंग बरं हाय."

यंदा मी म्हटलं, बाबा, अंगणात एक खोली मातीची बांधू. मातीची भिंत रचणारा आपल्या गावात आता एकच म्हातारा उरलाय, त्याच्याशी बोलणंही केलं होतं. बाबा म्हणाले, "राहू दे पोरी. बैल हायेत तवर चालते."