मांजर 'धोका' का म्हणत नाही?

स्क्रॅच म्हणजे रंगीत ठोकळे जोडून मुलांनी स्वतः गेम आणि गोष्टी बनवायचं प्रोग्रामिंग; त्यातलं नेहमीचं पात्र एक मांजर. त्याबद्दल पत्रं वेगवेगळी येतात, घोळ तोच असतो. म्हणून एकत्र उत्तरं.

स्क्रॅच विकत कुठे मिळेल? – एक पालक, राजारामपुरी

कुठेच नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २००७ पासून फुकट आहे. 'लायसन्स' विकायला कुणी आला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

नात सहा वर्षांची आहे. जमेल का? – आजोबा, मंगळवार पेठ

स्क्रॅच ८ ते १६ वयासाठी. तिला स्क्रॅचज्युनिअर द्या, ते ५ ते ७ साठी आहे. टॅब रोज किती वेळ, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा, शेजारणीला नको.

सातवीतल्या मुलाने क्लासमध्ये तीन महिन्यांत वीस गेम केले, सर्टिफिकेटही मिळालं. पुढचा पायथॉनचा (टाइप करून लिहायच्या प्रोग्रामिंग भाषेचा) कोर्स आजच भरला तर सूट आहे. भरू का? – आई, कसबा बावडा

थांबा, ताई. वीस गेम केले की उतरवले? दुसऱ्याचा प्रोजेक्ट 'रीमिक्स' करायची, म्हणजे त्याची नक्कल घेऊन बदल करायची सोय शिकण्यासाठीच आहे. पण मांजराच्या जागी चेंडू ठेवला आणि झाला गेम, असं नसतं.

आज रात्री त्याला एवढंच करायला सांगा. राजाराम बंधारा तुमच्या उंबऱ्याशीच. पंचगंगा ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका, हे बावड्यातल्या पोरांना पाठ असतं. 'पाणी' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा ठेवायचा डबा, बाण दाबला की एक फूट वाढ, आणि मांजराने ओरडायचं. बहुतेक मुलं 'जर–नाहीतर'च्या ठोकळ्यात आधी विचारतात, पाणी ३८ पेक्षा जास्त आहे का? मग 'इशारा'. नाहीतर ४२ पेक्षा जास्त आहे का? मग 'धोका'. पाणी ४५ वर जातं, मांजर आपलं 'इशारा'च म्हणत बसतं! पहिलीच अट खरी ठरली, मग दुसरीपर्यंत गाडी जातेय कशाला? माझ्या वर्गातल्या एका पोरीने यावर दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी दारातूनच ओरडली, "सर, मोठं आधी विचारायचं!" हे सर्टिफिकेटवर छापता येत नाही.

तुमच्या मुलाला जमलं तर पायथॉनचं शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांशी बोलून ठरवा. नाही जमलं तरी त्यांच्याशीच बोला. सूट उद्याही असते.

स्क्रॅचच्या खात्यावर मुलाचं खरं नाव द्यावं का? – वाचक, उचगाव

अजिबात नाही. शाळा, फोटो, फोन, काहीच नाही.

नेट धड नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं तर? – वाचक, गडहिंग्लज

ऑफलाइन ॲप आहे. नेट मिळेल तिथे एकदा उतरवून घ्या. या रविवारी.