आधी नियम, मग हसू

चि. भावी निवेदकास,
अनेक आशीर्वाद.

राजकारणातल्या गमतींच्या कार्यक्रमाची तुझी संहिता वाचली. एका तासात चाळीस प्रसंग, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट. आणि शेवटी तुझा प्रश्न: क्लिप लावली की लोक हसतात, तोच प्रसंग माझ्या तोंडून ऐकताना मात्र गप्प बसतात, असं का?

कारण तू नियम गाळलास. चाळीसही ठिकाणी गाळलास.

तुझं वाक्य असं आहे: ‘2017 साली ब्रिटनमध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांच्या शेजारी डोक्यावर काळी बादली घातलेला उमेदवार उभा होता.’ बरं, मग? विचित्र पोशाखाला किती वेळ हसणार? आता नियम आधी सांगून बघ. तिथे संसदेच्या निवडणुकीला उभं राहायचं तर त्याच मतदारसंघातल्या 10 मतदारांच्या सह्या लागतात आणि 500 पौंड अनामत भरावी लागते. 5 टक्के मतं पडली नाहीत तर ती जप्त. निकाल वाचताना सगळे उमेदवार एकाच मंचावर, मग पंतप्रधान असो नाहीतर बादली. एवढं झालं की मे यांच्या मेडनहेड मतदारसंघाचा निकाल सांग. लॉर्ड बकेटहेड, 249 मतं. आणि त्याच मंचावर लाल, केसाळ एल्मो बाहुल्याच्या वेशातला आणखी एक उमेदवार, त्याला 3. सह्या करणारे दहा, मतं तीन. इथे थांब. वजाबाकी श्रोत्यांना करू दे.

पद्धत एवढीच आहे. नियम एका वाक्यात, फार तर तीन. मग पणाला काय लागलं होतं ते. मग प्रसंग. आकडा सगळ्यात शेवटी, आणि आकड्यानंतर तोंड बंद. ‘आणि मग काय धमाल झाली माहितीये’ हे वाक्य संहितेत नऊ ठिकाणी आहे, नऊही ठिकाणी खोड. नियम प्रसंगानंतर सांगितलास तर ते विनोदाचं स्पष्टीकरण होतं, आणि स्पष्टीकरणाला कुणी हसत नाही. नियम लांबवलास तर तो नागरिकशास्त्राचा तास होतो. तीन वाक्यांत बसत नसेल तर तो प्रसंगच सोडून दे, कितीही आवडता असला तरी.

ह्यूई लाँगचं उदाहरण घे. तू लिहिलंयस, ‘अमेरिकेच्या एका सिनेटरने सभागृहात तळलेल्या कालवांची पाककृती सांगितली.’ सांगितली असेल, सिनेटर खवय्या असेल, आम्हाला काय त्याचं? नियम असा की सिनेटमध्ये बोलायला उभा राहिलेला सदस्य बोलत असेपर्यंत त्याला सहजासहजी कुणी थांबवू शकत नाही, पण तो खाली बसला किंवा सभागृहाबाहेर गेला की बोलण्याचा हक्क संपला. म्हणजे विषय संपला तरी बोलावंच लागतं. 12 जून 1935 ला लाँग उभा राहिला आणि 15 तास 30 मिनिटं बोलला. पाककृती त्यातल्याच. पहाटे चारच्या सुमारास त्याला निसर्गाच्या हाकेला ओ द्यावी लागली, आणि त्याचा प्रस्ताव पडला. बघ, कालवं तीच, पण आता त्यांना काम मिळालं.

जपानचा प्रसंग तर तू दोन ओळींत उरकलास! तो या कार्यक्रमाचा कणा व्हायला हवा. तिथल्या संसदेत महत्त्वाच्या विधेयकावर नावनिशीवार मतदान मागता येतं. प्रत्येक सदस्याने जागेवरून उठायचं, व्यासपीठापर्यंत चालत जायचं आणि लाकडी पाटी द्यायची, बाजूने असेल तर पांढरी, विरोधात असेल तर निळी. चाला, असं नियम सांगतो. किती वेगाने चाला, हे सांगत नाही. जून 1992 मध्ये परदेशात शांतिसेना पाठवण्याच्या विधेयकावर विरोधी सदस्य इतक्या सावकाश चालले की वरिष्ठ सभागृहातल्या एका मतदानाला तेरा तासांहून जास्त वेळ लागला. याला तिथे बैलचाल म्हणतात. हे सांगताना नक्कल करून दाखवायचा मोह होईल, तो आवर. सरळ उभं राहून, गंभीर चेहऱ्याने सांग. विधेयक शेवटी मंजूर झालं, हेही सांग, नाहीतर अर्धवट राहतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा प्रसंगही असाच. 2017 च्या निवडणुकीत राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या 94 व्या मतदारसंघात दोघांना प्रत्येकी 11,608 मतं पडली. ही बरोबरी एका मतपत्रिकेमुळे झाली. त्या मतदाराने दोन्ही नावांपुढचे गोल भरले होते आणि एकावर रेघ मारली होती. बरोबरी झाली तर चिठ्ठी काढायची, हा कायदा. म्हणून 4 जानेवारी 2018 ला दोन नावं कॅमेऱ्याच्या रिळाच्या दोन डब्यांत घातली, डब्या कलासंग्रहालयातून आणलेल्या भांड्यात टाकल्या आणि एक उचलली. त्या डबीवर सभागृहाचं बहुमत टांगलेलं होतं, 51 विरुद्ध 49 की 50-50. तू हा प्रसंग ‘लॉटरीने आमदार’ या मथळ्याखाली टाकलास. मथळा काढ. डबी राहू दे.

स्वित्झर्लंडच्या हान्स-रुडॉल्फ मेर्झबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे नियम स्वतःच विनोद आहे. 20 सप्टेंबर 2010 ला हे अर्थमंत्री मसाला लावलेल्या मांसाच्या आयातीवर उत्तर वाचत होते. जकातीच्या दराबाबत साधं मांस एका प्रकरणात, मसाला लावलेलं दुसऱ्यात. मग मसालेदार कशाला म्हणायचं? मसाला सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला हवा आणि नुसत्या डोळ्यांना दिसायला हवा किंवा चवीला स्पष्ट कळायला हवा. हे वाचता वाचता मंत्र्यांना हसू फुटलं आणि मागोमाग सभागृहाला. इथे क्लिप लाव, पण जकातीचं वाक्य आधी स्वतः संथपणे वाच. मग श्रोते मंत्र्याला हसत नाहीत, मंत्र्याबरोबर हसतात.

आता काय काढायचं ते. 1992 मध्ये टोकियोतल्या मेजवानीत थोरले बुश आजारी पडून यजमानांच्या अंगावर ओकले, ते काढ. आजारी माणूस कुठल्याही पदावर असला तरी ओकतो. विमानाच्या जिन्यावर घसरलेले सगळे काढ. 2001 मध्ये अंडं मारणाऱ्याला ब्रिटनच्या उपपंतप्रधानांनी दिलेला ठोसा? लोक हसतील, मान्य. पण तू राजकारणातल्या गमती सांगणार आहेस की ठोशांच्या?

आणि खोट्या गोष्टी. व्यासपीठावर हातात बूट उगारलेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा फोटो बनावट आहे. मूळ फोटोत नुसती मूठ आहे. 12 ऑक्टोबर 1960 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बूट टेबलावर खरोखर आपटला का, याबद्दल तिथे हजर असलेल्यांतच एकमत नाही. त्याऐवजी हे सांग की त्याच दिवशी सभा शांत करता करता आमसभेचे अध्यक्ष, आयर्लंडचे फ्रेडरिक बोलंड यांचा हातोडा मोडला. सभेला आवर घालायचं एकमेव साधन! चर्चिल आणि ब्रिटिश खासदार लेडी ॲस्टर यांचा विषाच्या कॉफीचा किस्साही काढ. तोच विनोद 1899 च्या अमेरिकी वर्तमानपत्रात निनावी माणसांच्या नावावर छापलेला आहे. अलास्कातल्या टॉकीटना गावात मांजर मतपेटीतून महापौर झालं, हे तर नियम एकदा विचारला असतास तरी गळालं असतं. त्या गावाला नगरपालिकाच नाही. स्टब्ज नावाचं मांजर 1997 पासून मानद महापौर होतं. नसलेल्या पदावर वीस वर्षं, ही खरी गोष्ट जास्त चांगली नाही का?

तू म्हणशील, इतकी काटेकोर तपासणी गमतीसाठी कशाला. मला हट्टी म्हणणाऱ्यांत तू पहिला किंवा पहिली नव्हेस. पण गेली कित्येक वर्षं हे किस्से नियम काढून सांगितले जातात आणि ऐकणारा एकच निष्कर्ष घरी नेतो, की सगळे विदूषक. याचंच मला वाईट वाटतं. आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, 2010 साली विनोदी नट योन ग्नार याच्या पक्षाने तरणतलावावर फुकट टॉवेल आणि प्राणिसंग्रहालयाला ध्रुवीय अस्वल अशी आश्वासनं दिली, ती पाळणार नाही असंही आधीच सांगितलं, आणि नगरपरिषदेच्या 15 पैकी 6 जागा जिंकल्या. तुझी गोष्ट इथे संपते. पण बहुमताला 8 लागतात! म्हणजे विदूषकालाही सोशल डेमोक्रॅट्सशी बोलणी करावी लागली, आणि पुढे चार वर्षं महापौर म्हणून शहर चालवावं लागलं. अंदाजपत्रकासमोर बसलेला विनोदी नट सोडून तू टॉवेलांवर थांबलास.

चाळीसपैकी बारा ठेव. नव्या संहितेत प्रत्येक नियमाचं वाक्य लाल शाईने लिही, म्हणजे जिथे लाल दिसणार नाही तो प्रसंग मी न वाचताच परत करीन. जपानला सहा मिनिटं दे, त्याहून एक सेकंद जास्त नको. ते सदस्य सावकाश चालले म्हणून तूही सावकाश सांगू नकोस.