आगबोट आधी बाहेरूनच बघ

ठाण्यात राहून स्कूबा डायव्हिंग शिकून बुडालेली आगबोट बघायचं डोक्यात घेतलंयस, झकास! पण आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात काही दिसायचं नाही. मालवण किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापासून सुरुवात कर, पावसाळा सोडून. ओपन वॉटर या स्कूबाच्या पहिल्या कोर्सवर १८ मीटरपर्यंत जाता येतं, तेवढं सध्या पुष्कळ.

पोहण्याच्या तलावात मास्कमधलं पाणी काढायचा सराव कंटाळा येईस्तोवर कर. वरची कड कपाळाला दाबायची, नजर वर, नाकाने श्वास सोडायचा. बस्स.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- कान दुखेपर्यंत थांबतात. पहिल्या मीटरपासूनच नाक दाबून हळूच फुंकत ते मोकळे करत राहा. दुखलंच तर थोडं वर ये, जोर लावू नकोस.
- श्वास रोखतात. कधीच नाही! वर येताना फुप्फुसातली हवा फुगते.
- खाली जायला कमरेला बांधायचं वजन जास्त घेतात. मग तळाशी जाऊन पाय झाडले की गाळ उडतो, आणि मागच्यांच्या शिव्या.

कॅरिबियनमधली ‘ऱ्होन’ ही आगबोट १८६७च्या चक्रीवादळात सॉल्ट बेटाच्या खडकांवर आपटून बुडाली. तिचा मागचा भाग उथळ पाण्यात आहे, नवख्यालाही जमेल. पण आत शिरायचं प्रशिक्षण वेगळं, ते नंतर बोलू. गंजका पत्रा कापतो, हात लावू नकोस. आणि शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमान नाही. परतीचं तिकीट तसंच काढ.