रेंजफाइंडर दुर्बिणीने दिलेले मिल लावूनही 800 मीटरला गोळ्या खाली का जातात?

तुमचा प्रश्न असा की रायफलचा 100 मीटरचा झिरो (जिथे निशाण आणि गोळी जुळवलीय ते अंतर) पक्का आहे, 300 मीटरपर्यंत सगळं नीट बसतं, पण 800 मीटरच्या स्टील प्लेटवर दुर्बिणीतल्या बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरचा (गोळी किती खाली पडेल ते काढणाऱ्या यंत्राचा) मिलमधला आकडा (मिल म्हणजे कोनाचं माप, 100 मीटरला 10 सेंटिमीटर) स्कोपवर लावला की गोळ्या दर वेळी खालीच लागतात, तर दुर्बीण बदलावी का? माझं मत: इतक्यात बदलू नका. चूक सतत एकाच दिशेने होत असेल तर खोट बहुधा गणितात नसते, प्रोफाइलमध्ये, म्हणजे यंत्रातल्या रायफल आणि गोळीच्या नोंदीत, भरलेल्या माहितीत असते.

पहिला संशय मझल व्हेलॉसिटीवर, म्हणजे गोळी बॅरलमधून बाहेर पडतानाच्या वेगावर घ्या. काडतुसांच्या खोक्यावरचा वेग कंपनीच्या चाचणी बॅरलचा असतो. तुमचं बॅरल त्याहून आखूड असेल तर वेग कमीच मिळणार. 6.5 क्रीडमोर या काडतुसाची 140 ग्रेन वजनाची गोळी प्रत्यक्षात सेकंदाला 810 मीटरने निघते आणि तुम्ही 825 भरलंय असं धरा: 800 मीटरला ती साधारण 20 ते 25 सेंटिमीटर खाली जाईल. 300 मीटरला हाच फरक जेमतेम 2 सेंटिमीटर, म्हणून तिथे तो कळतच नाही. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) किमान 10 गोळ्यांची सरासरी काढा आणि तेव्हाचं तापमान लिहून ठेवा, कारण थंडीत बहुतेक पावडरींचा वेग घटतो.

बीसी (गोळी हवेचा अवरोध किती सहज कापते तो आकडा) भरताना जी1 आणि जी7 या तो मोजायच्या दोन पद्धतींची गल्लत झाली नाही ना, तेही बघा. लांबट बोट-टेल (मागे निमुळत्या) बुलेटचा जी7 आकडा जी1 च्या जवळपास निम्मा असतो. जी1 चा आकडा जी7 च्या रकान्यात गेला, तर यंत्र हवेचा अवरोध निम्माच धरतं आणि गोळी पार खाली जाते. हवेच्या दाबाची चूक मात्र सहसा उलटी दिसते: उंचावरच्या ठिकाणी हवामान ॲपमधला समुद्रसपाटीचा दाब भरला, तर गोळ्या वर जातात. दुर्बिणीत स्वतःचा सेन्सर असेल तर त्याचाच दाब वापरा.

आता लेझर. किरण बिंदूसारखा नसतो, तो पसरतो. पसरण 1.5 मिलिरेडियन असेल तर 800 मीटरवर त्याची रुंदी 1.2 मीटर होते. प्लेट लहान असेल तर पुढच्या गवताचंच अंतर मिळू शकतं, आणि अंतर कमी आलं की गोळी खाली. दुर्बीण ट्रायपॉडवर बसवा, प्लेटशेजारच्या मोठ्या दगडावर किंवा मातीच्या बांधावर ताडून पाहा, तीन वाचनं जुळल्याशिवाय आकडा घेऊ नका. पुढे झुडपं असतील तर शेवटच्या लक्ष्याचा (सर्वात दूरच्या वस्तूचं अंतर देणारा) मोड लावा. दुर्बिणीने कोन धरून कमी केलेलं अंतर तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये कोनासकट परत भरत असाल, तर दुरुस्ती दोनदा होते. 20 अंशांच्या उतारावर 800 चे 752 एकदाच व्हायला हवेत.

एवढं करूनही गोळ्या खालीच जात असतील तर स्कोप तपासा. 100 मीटरवर ओळंब्याने उभी रेघ आखा आणि 10 मिल डायल करून (स्कोपची चकती फिरवून) गोळ्या मारा. ग्रुप (लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) बरोबर 1 मीटर वर चढायला हवा. 97 सेंटिमीटरच चढला तर स्कोप 3 टक्के कमी देतोय, म्हणजे 7 मिलच्या डायलवर 800 मीटरला जवळपास 17 सेंटिमीटर.

ही चाचणी ट्रूइंगच्या (प्रत्यक्ष लागलेल्या गोळ्यांवरून यंत्रातला वेग जुळवण्याच्या) आधीच करा, नाहीतर स्कोपचा दोष वेगाच्या आकड्यात गाडला जातो आणि पुढे कुठलंच अंतर जुळत नाही. ट्रूइंगसाठी वारा कमी असताना 700–800 मीटरला 5 गोळ्यांचा ग्रुप मारा, त्याच्या मध्याची उभी चूक मोजा आणि यंत्राचा आकडा जुळेपर्यंत फक्त वेग बदला, बीसीला हात लावू नका. त्यासाठी वेग क्रोनोग्राफच्या आकड्यापासून 10 मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त सरकवावा लागला, तर थांबा आणि लेझरचं अंतर पुन्हा मोजा.