सबस्क्रिप्शनवर घेतलेल्या सायकलची किरकोळ दुरुस्ती आपण करावी की कंपनीवर सोडावी?

पंक्चर आणि हवा आपण बघायची, चेन आणि ब्रेक शू त्यांच्याकडून बदलून घ्यायचे. पण चेनपायी माझे 1400 रुपये गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. कामावर जायला महिन्याच्या भाड्याने सायकल घेतली होती, डिपॉझिट 2000. दर तीन महिन्यांनी घरी येऊन सर्व्हिसिंग करणार, असं ठरलं होतं. 11 महिन्यांत एकदाच आले, हवा भरली, फडकं मारलं आणि गेले. आठव्या महिन्यापासून पेडलवर जोर दिला की चेन खट्कन दात सोडायची. फोन केला की 'तक्रार नोंदवली', एवढंच.

सायकल परत करायला गेलो तर काउंटरवरच्या मुलाने चेन आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र, यांच्यापुढे 'गैरवापर' लिहून 1400 कापले. मी खिशातली स्टीलची पट्टी काढली. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणजे 24 कड्या मोजल्या की बरोबर 12 इंच. तिथे 12 इंच 1 सूत भरलं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धं सूत वाढलं तेव्हाच चेन बदलायला हवी होती. आतल्या पिना घासून चेन लांबते, मग ती फ्रीव्हीलचे दातही खाते. दात एका अंगाला कलून हुकासारखे झाले होते, मी त्याचं बोट धरून त्यावरून फिरवलं. वेळेत 300-400ची चेन टाकली असती तर फ्रीव्हील वाचलं असतं. हा गैरवापर नाही, झीज आहे.

माझे वडील मागावर होते. धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारी नळी, घासला म्हणून त्यांनी कधी पगारातून पैसे कापू दिले नाहीत. माझे मेहुणे मात्र आजही म्हणतात, "सही केलीस ना, मग भर." भाऊजी, सही वापरायच्या भाड्यावर केली होती. वापरलं की झिजणारच, आणि त्याचंच तर ते दरमहा भाडं घेतात.

तुम्ही एवढं करा. सायकल ताब्यात घेताना चेनला पट्टी लावून फोटो काढा. आपल्याकडे धूळ फार, त्यामुळे तेल घातल्यावर चेन बाहेरून कोरडी पुसा, नाहीतर तेलात माती बसून कानशीसारखी घासते. वेड्या बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं तर पॅच लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, टोक आतच राहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सायकल उन्हात ठेवू नका, टायरला बाजूने चिरा पडतात. ब्रेक शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की लगेच कळवा, आणि फोनवर नाही, लिहून. माझं तिथेच चुकलं, फोनचा पुरावा राहत नाही.

डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा थेंबही तिकडे जाऊ देऊ नका. बॅटरीवाली सायकल असेल तर वायरिंगला हात लावू नका. आणि काही करारांत पाना लावायलाच मनाई असते, ते आधी वाचा. माझ्या करारात 'वापरातील झीज वगळून' असे शब्द होते. तिसऱ्या पानावर, खालून दुसरी ओळ. भाऊजींनी ते पान अजून वाचलेलं नाही.